जर-तरची वही : इंग्रजी संकेतार्थी वाक्यांच्या अभ्यासाच्या नोंदी

२ जून

हा अभ्यास का हाती घ्यावा लागला, ते आधी नोंदवून ठेवते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात परदेशी ग्राहकांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि आजवर साध्या, सरळ वाक्यांवर काम भागत आले. गेल्या आठवड्यात मात्र एका वाक्याने घोटाळा केला. "माल कारखान्यातून निघाला की पॅकिंग लिस्ट पाठवतो" असे मनात होते आणि हातून लिहिले गेले : "इफ द गुड्स लीव्ह द फॅक्टरी, वुई विल सेंड यू द पॅकिंग लिस्ट." तासाभरात ग्राहकाचे उत्तर आले. माल निघण्याबद्दल काही शंका आहे का, उत्पादनात अडचण आली आहे का, असे विचारून त्यांनी त्याची प्रत थेट मालकांना पाठवली होती. त्या वेळी न्हावा शेवा बंदराला जाणारा कंटेनर दारात उभा होता आणि शेवटची कार्टन आत चढत होती.

मालक रागावले नाहीत, पण मला रात्रभर चैन पडले नाही. ऑगस्टअखेरपर्यंत इंग्रजीतील संकेतार्थी, म्हणजे जर-तरची अट सांगणारी वाक्ये नीट शिकायची असे ठरवले आहे. रोज कामातले एक वाक्य घ्यायचे, ते आधी मराठीत लिहायचे, मग इंग्रजीत, आणि चुकलेले वाक्य न खोडता त्याच्याखाली दुरुस्त वाक्य लिहायचे, अशी पद्धत ठरली. आमच्या गल्लीतल्या निवृत्त इंग्रजी शिक्षिकांना सगळे बाई म्हणतात. त्यांनी आठवड्यातून एकदा वही पाहण्याचे कबूल केले आहे.

६ जून

बाईंनी इंग्रजीचे पुस्तक उघडू दिले नाही. "अगं, चूक इंग्रजीत झालेली नाही, मराठीत काय म्हणायचं होतं ते आधी बघ," असे म्हणून त्यांनी शालेय मराठी व्याकरणातले उभयान्वयी अव्ययांचे पान काढायला लावले. संकेतबोधक अव्यये म्हणून तिथे जर-तर, जरी-तरी, म्हणजे, की, तर अशी सगळी एका ओळीत दिलेली आहेत. माझ्या चुकीचे मूळ त्याच ओळीत सापडले. "माल निघाला तर" आणि "माल निघाला की" ही दोन्ही वाक्ये आपल्या व्याकरणात एकाच घरात राहतात. क्रियापदाचे रूपही दोन्हींकडे तेच, "निघाला". इंग्रजीत मात्र ही दोन निराळी घरे आहेत. जे घडणार याची खात्री आहे आणि केवळ वेळेचा प्रश्न आहे, तिथे "व्हेन" किंवा "अॅज सून अॅज" येते. जे घडेल की नाही हेच ठाऊक नाही, तिथे "इफ". ग्राहकाने माझे वाक्य अगदी बरोबर वाचले होते.

तेव्हापासून प्रत्येक वाक्यापूर्वी समासात एक लहान प्रश्न लिहिते : येथे "की" आहे की "तर" आहे?

११ जून

इंग्रजी व्याकरणात अटीच्या वाक्यांचे शून्य, पहिला, दुसरा, तिसरा आणि मिश्र असे प्रकार करतात. आज पहिल्या प्रकारावर, म्हणजे पुढे खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टीच्या अटीवर काम झाले. आकाश भरून आले होते आणि कारखान्यात दिवसभर एकच बोलणे होते, म्हणून तेच वाक्य घेतले : "उजनी भरले तर पाण्याची अडचण राहणार नाही." याचे इंग्रजी मी दोन प्रकारे केले आणि दोन्ही चुकले. पहिल्यांदा लिहिले, "इफ उजनी फिल्ड अप, देन देअर विल बी नो वॉटर प्रॉब्लेम." बाईंनी विचारले, "धरण भरून गेलं का?" नाही, अजून भरायचे आहे, म्हणून दुसऱ्यांदा लिहिले, "इफ उजनी विल फिल अप." तेही चूक. बरोबर वाक्य असे : "इफ उजनी फिल्स अप, देअर विल बी नो वॉटर प्रॉब्लेम."

या तीन वाक्यांवर मी बराच वेळ बसून राहिले, कारण येथे मराठी मनाची घडणच दिसते. पुढे घडायच्या गोष्टीची अट घालताना आपण क्रियापदाचे भूतकाळी रूप वापरतो : भरले तर, आला तर, मिळाली तर. ती गोष्ट घडून गेली असे क्षणभर मानायचे आणि मग पुढचे बोलायचे, अशी ही रीत आहे. इंग्रजीत त्याच जागी साधा वर्तमानकाळ येतो. मराठीतले रूप तसेच उचलले तर "फिल्ड" होते आणि अर्थाकडे पाहून काळ लावला तर "विल फिल" होते. शाळेत "इफनंतर विल नको" एवढेच सांगितले होते. आपल्याला तिथे भूतकाळ का सुचतो, हे कोणी सांगितले असते तर तो नियम इतकी वर्षे पाठ करून विसरावा लागला नसता.

आणखी एक गोष्ट. मराठीत "जर" गाळता येते, "तर" सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत याच्या नेमके उलटे आहे. "इफ" ठेवावे लागते आणि "देन" बहुधा नको असते. माझ्या जुन्या पत्रांत प्रत्येक अटीमागे "देन" आहे. ती चूक नव्हे, पण पत्र जड होते. अट आधी आली तर तिच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा, आणि मुख्य वाक्य आधी आले तर द्यायचा नाही, हेही आजच नोंदवते.

१५ जून

जेवणाच्या सुट्टीत भूतकाळी रूपाची ही गोष्ट रंगाई खात्यातल्या अण्णांना सांगितली. अण्णांचे घर पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू. ते म्हणाले, "ताई, आमच्यात जर बी नाही, तर बी नाही. वान वस्ते म्हटलं की झालं." वान म्हणजे पाऊस आणि वस्ते म्हणजे आला तर, सगळी अट क्रियापदाच्या शेपटीत. पॅकिंगमधल्या अक्कलकोटकडच्या मावशी घरी कन्नड बोलतात. त्यांनी "मळे बंदरे" असे सांगितले आणि "बंद" हे आलेपणाचे, म्हणजे भूतकाळाचे अंग आहे, हेही स्वतःच उलगडून दाखवले. मराठीतही "आल्यास", "मिळाल्यास", "न भरल्यास" अशी रूपे आहेतच. वीजबिलावर ती आपण दर महिन्याला वाचतो. एका डब्याभोवती बसून तीन भाषांतल्या अटी मांडल्या गेल्या आणि तिन्हींत अट क्रियापदाला चिकटू शकते असे दिसले. इंग्रजीत ती सुट्या शब्दात आणि काळाच्या निवडीत राहते. आमच्या सोलापुरात भाषा शिकवणाऱ्यांनी हे वर्गातच मांडून दाखवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१९ जून

शून्य प्रकार सोपा आहे. नेहमी घडणाऱ्या गोष्टींसाठी दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ. "इफ यू हीट वॉटर टू अ हंड्रेड डिग्रीज, इट बॉइल्स" हे सगळीकडे दिले जाणारे उदाहरण मी उतरवले, तेव्हा इयत्ता ९वीतल्या पुतणीने हरकत घेतली. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी १०० अंशांच्या सुमारे दीड अंश आधीच उकळते. म्हणून त्या वाक्यात "अॅट सी लेव्हल" हे शब्द घातले. आमच्या कामातले उदाहरण अधिक उपयोगी : "इफ द यार्न इज डॅम्प, इट वेज मोअर." सूत दमट असेल तर वजन जास्त भरते. हे वाक्य कोणत्या एका गाठोड्याबद्दल नाही, म्हणून "विल" नाही.

२४ जून

आजची चूक जुन्या पत्रांच्या फायलीत सापडली आणि ती वेळीच कोणाच्या लक्षात आली नाही, याचे भय वाटले. लॅब डिप म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीसाठी आधी रंगवून पाठवलेला लहान नमुना. "जोपर्यंत तुम्ही लॅब डिप मंजूर करत नाही, तोपर्यंत आम्ही रंगाई सुरू करणार नाही" याचे मी असे केले होते : "अनलेस यू डू नॉट अप्रूव्ह द लॅब डिप, वुई विल नॉट स्टार्ट डाइंग." मराठीत दोन्हीकडे "नाही" आहे, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे "नॉट" गेले. पण "अनलेस"च्या पोटात नकार आधीच असतो. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ झाला की तुम्ही मंजुरी दिलीत तर आम्ही रंगाई सुरू करणार नाही. नेमका उलटा. ग्राहकाने संदर्भावरून समजून घेतले असावे.

दुरुस्त वाक्य : "वुई विल नॉट स्टार्ट डाइंग अनलेस यू अप्रूव्ह द लॅब डिप." येथे "अनटिल" घातले तर मंजुरी येणार हे गृहीत धरले जाते आणि फक्त वाट पाहणे उरते. "जोपर्यंत-तोपर्यंत" या जोडीत हे दोन्ही अर्थ मावतात, म्हणून लिहिताना थांबून ठरवावे लागते.

३ जुलै

दुसऱ्या प्रकाराने, म्हणजे नुसत्या कल्पनेतल्या अटीने, आज मला मालकांसमोर उभे केले. एका ग्राहकाला मोठी मागणी देण्याबद्दल विचारायचे होते. मी लिहिले : "इफ यू इन्क्रीज द ऑर्डर टू फाइव्ह थाउजंड पीसेस, वुई विल रिड्यूस द प्राइस." पत्र जाण्यापूर्वी मालकांनी वाचले आणि म्हणाले, "ताई, कमी करूच असं लिहून दिलं का आपण? मला फक्त अंदाज घ्यायचा होता." त्यांना व्याकरणाचे नाव माहीत नव्हते, पण वजन बरोबर कळले. "इन्क्रीज" आणि "विल" लिहिणे म्हणजे वचन देणे झाले. "इफ यू इन्क्रीज्ड द ऑर्डर, वुई वुड रिड्यूस द प्राइस" असे लिहिले की बोलणे अजून कल्पनेच्या पातळीवर राहते आणि दोन्ही बाजूंना मागे सरकायला जागा उरते.

मराठीत आपण हे काम क्रियापदाचा काळ मागे नेऊन करत नाही. "वाढवली तर कमी करू" आणि "वाढवली तर कमी करता येईल" यांत अटीचा अर्धा भाग जसाच्या तसा राहतो आणि सगळा फरक दुसऱ्या अर्ध्यात होतो. इंग्रजी मात्र दोन्ही अर्धे एक पाऊल मागे नेते. "इन्क्रीज्ड" हे रूप भूतकाळी असले तरी त्याचा गेलेल्या दिवसांशी काही संबंध नाही. ते अंतर दाखवते, म्हणजे बोलणारा त्या शक्यतेपासून किती दूर उभा आहे हे सांगते. हे समजल्यापासून माझा गोंधळ निम्मा कमी झाला आहे.

१० जुलै

पुतणीला शाळेत "मी पंतप्रधान झाले तर" हा निबंध होता. "मी पक्षी असते तर", "परीक्षा नसत्या तर", "सूर्य उगवला नाही तर" हे सगळे कल्पनाप्रधान निबंध आपण लहानपणापासून लिहीत आलो आहोत. आज ती शीर्षके इंग्रजीत केली तेव्हा दिसले की मराठीत त्यांच्यात दोन जाती आहेत. "पक्षी असते तर" मध्ये अशक्यता क्रियापदातच दिसते, पण "पंतप्रधान झाले तर" हे रूप "पास झाले तर" सारखेच आहे. नववीतल्या मुलीचे पंतप्रधानपद आणि तिचे पास होणे मराठी एकाच मापाने मोजते. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते. "इफ आय पास" आणि "इफ आय बिकेम द प्राइम मिनिस्टर". पुतणीने ठामपणे "बिकम" लिहिले आणि मी ते बदलले नाही. तिचे म्हणणे तेच होते.

"इफ आय वेअर यू" मधले "वेअर" जुन्या इंग्रजीतल्या कल्पनार्थी रूपाचा अवशेष आहे. बोलण्यात "इफ आय वॉज" ऐकू येते, पण पत्रात "वेअर" ठेवावे, असा बाईंचा आग्रह आहे आणि तो मी पाळणार आहे.

१७ जुलै

तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे मागे न घडलेल्या गोष्टीच्या अटीला, पूर्ण आठवडा गेला. जुन्या फायलींतून गेलेल्या गोष्टींबद्दलची अटीची २३ वाक्ये काढली, त्यांपैकी १९ मध्ये एकच चूक निघाली. नमुना : "इफ यू वुड हॅव सेंट द शेड कार्ड इन टाइम, वुई वुड हॅव फिनिश्ड द ऑर्डर." (शेड कार्ड म्हणजे हव्या त्या रंगछटांचा नमुना-कागद.) मराठी वाक्य शेजारी लिहिताच कारण समोर आले. "तुम्ही शेड कार्ड वेळेवर पाठवले असते, तर आम्ही ऑर्डर पूर्ण केली असती." पाठवले असते, केली असती. आपली भाषा दोन्ही पारड्यांत एकच रूप टाकते आणि कानाला तो तोल इतका सवयीचा आहे की इंग्रजीतही दोन्हीकडे "वुड हॅव" टाकल्याशिवाय वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. इंग्रजीत अटीच्या बाजूला "हॅड सेंट" आणि फळाच्या बाजूला "वुड हॅव फिनिश्ड" असा भेद राखायचा असतो. म्हणून मी मराठीतल्या पहिल्या "असते"खाली निळी रेघ आणि दुसऱ्याखाली लाल रेघ मारते. निळ्याचे "हॅड", लालचे "वुड हॅव". चार दिवसांत हात बसला.

"मला वेळ मिळाला असता तर" साठी "इफ आय हॅड हॅड टाइम" असे लिहावे लागते. दोनदा "हॅड" पाहून मी एक खोडला होता. बाईंनी तो परत लिहिला. पहिला साहाय्यक, दुसरा मुख्य क्रियापदाचा.

ऐकण्याच्या सरावात आणखी एक अडचण आली. इंग्रजी बोलताना "आय हॅड" आणि "आय वुड" या दोहोंचे आखडून "आयड" होते. "इफ आयड नोन, आयड हॅव कम." कानाला दोन्हीकडे एकच शब्द येतो. पहिल्यात "हॅड" दडलेले आहे, दुसऱ्यात "वुड". कानावर विसंबून लिहिणारा कोणीही येथे फसेल.

२६ जुलै

बाईंनी तिसऱ्या प्रकारात कामाबाहेरचे, आपल्या गावातले एक वाक्य करून आणायला सांगितले होते. भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकावरून मी रोज जाते, म्हणून तेच घेतले. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच, वयाच्या ३२व्या वर्षी वारले. मी लिहिले : "इफ डॉक्टर कोटणीस हॅड नॉट गॉन टू चायना, ही वुड हॅव लिव्ह्ड लाँगर."

रूपे बरोबर होती, पण बाईंनी "वुड"वर बोट ठेवले. "तू हे कशावरून म्हणतेस?" डॉ. कोटणीसांना अपस्माराचा आजार होता, ते इथे राहिले असते तर अधिक जगले असते, हे खात्रीने सांगण्याचा मला काय अधिकार? तिथे "माइट हॅव लिव्ह्ड" हवे. मराठीत आपण "कदाचित" घालतो आणि क्रियापद तसेच ठेवतो. इंग्रजीत खात्री कमी करायला "वुड"च्या जागी "माइट" किंवा "कुड" येते. नंतर मी वाक्य बदलले : "इफ ही हॅड नॉट गॉन, ही वुड नॉट हॅव ट्रीटेड द वूंडेड देअर." हे खात्रीने म्हणता येते, कारण जो गेलाच नसता त्याने तिथल्या जखमींवर उपचार केलेच नसते. बाईंनी या वाक्याखाली सही केली. त्या सहसा करत नाहीत.

२ ऑगस्ट

मिश्र प्रकार. कारण मागे घडलेले आणि परिणाम आज चालू. माझे आजोबा कापडगिरणीत होते, म्हणून उदाहरण शोधावे लागले नाही : "इफ द मिल्स हॅड नॉट क्लोज्ड, अवर लेन वुड स्टिल वेक टु द सायरन." गिरण्या बंद पडल्या नसत्या तर आमची गल्ली आजही भोंग्याने जागी झाली असती. मराठीत "झाली असती" म्हटले तरी "आजही" या शब्दाने वेळ कळते. इंग्रजीत "वुड हॅव" ऐवजी नुसते "वुड" ठेवूनच आज दाखवावा लागतो.

९ ऑगस्ट

"इफ"च्या बाजूला "वुड" नको, हा नियम पक्का झाला असे वाटत असतानाच एका ग्राहकाच्या पत्रात हे वाक्य आले : "वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड कन्फर्म द शिपमेंट डेट." पत्र घेऊन संध्याकाळी बाईंकडे गेले. त्यांनी सांगितले की हे "वुड" काळाचे नाही, तयारीचे आहे. "आपण कृपा करून कळवाल तर" यातल्या "कळवाल"सारखे. विनंतीत ते चालते, शोभते. त्याच रीतीने "इफ यू विल वेट अ मोमेंट" हेही बरोबर आहे, कारण तिथे "थांबण्याची तयारी असेल तर" असा अर्थ आहे.

म्हणजे मी निळ्या शाईने चौकट करून लिहिलेला नियम अपुरा होता. त्याच्याशेजारी लिहिले : विनंती असेल तर थांबून पाहणे.

१४ ऑगस्ट

जरी-तरी. "जरी जहाजाला उशीर झाला तरी माल वेळेत मिळेल" आणि "जरी जहाजाला उशीर झाला तरी माल वेळेत मिळाला" यांचा पहिला अर्धा भाग मराठीत अक्षरशः एक आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी "इव्हन इफ द व्हेसल इज डिलेड", कारण उशीर होईल की नाही ठाऊक नाही. दुसऱ्यासाठी "इव्हन दो द व्हेसल वॉज डिलेड", कारण उशीर झालेला आहे. हे अदलाबदल झाले तर न झालेला उशीर आपणच कबूल केल्यासारखे होते.

"इन केस"ही याच दिवशी झाले. "टेक अॅन अम्ब्रेला इन केस इट रेन्स" म्हणजे पाऊस आला तर असू दे म्हणून छत्री आत्ताच घे. "इफ इट रेन्स" म्हटले तर पाऊस आल्यावर घ्यायची. माल भरताना कार्टनच्या आत प्लॅस्टिक घालतो ते "इन केस", ओल दिसल्यावर घालत नाही.

२१ ऑगस्ट

आज दिवाळीपूर्व मालाचे पत्र कोणालाही न दाखवता पाठवले. अटीची सहा वाक्ये होती. कंटेनर निघण्याबद्दल "व्हेन", लॅब डिपच्या मंजुरीबद्दल "अनलेस", वाढीव मागणीबद्दल "इफ यू इन्क्रीज्ड". गेल्या खेपेच्या उशिराबद्दल आधी लिहिले होते, "इफ वुई वुड हॅव रिसीव्ह्ड द यार्न". सवय अजून हातात आहे. वाचताना ते दिसले आणि तिथे "हॅड" केले. शेवटच्या ओळीत पुन्हा "इफ यू वुड" आले होते. ते खोडायला लेखणी टेकवली आणि थांबले, कारण ती उत्तर लवकर देण्याची विनंती होती. ते तसेच राहू दिले.